गलोलवाल्याचा हार

आमच्या गावात पुतळा म्हटला की त्याचा एक हात वर असतो. नगराध्यक्षांनी एस.टी. स्टँडजवळच्या चौकात मुलांसाठी चित्रकथेतल्या पात्रांचे पुतळे बसवायचं ठरवलं, पण अकोल्याच्या मूर्तिकाराकडे साचे होते ते पुढाऱ्यांचेच. त्यामुळे वर्तमानपत्रातला तो खोडकर गलोलवाला पोरगा आला तो पुढाऱ्याची छाती घेऊन, आणि गलोल भविष्याकडे रोखून. शेजारी त्याचा छत्रीवाला मामा, तितकाच गंभीर.

हा पोरगा मला लहानपणापासून माहीत आहे. आई त्याच चौकात फुलं विकते. पुड्या बांधायच्या रद्दीत तो सापडायचा आणि मी बांधता बांधता वाचायचे. शेवटचा चौकोन बहुतेक वेळा गिऱ्हाइकाबरोबर जायचा.

पुतळे बसले आणि सुशोभीकरणासाठी दुकानं उठवायचं ठरलं. पाहणीला आलेले नगराध्यक्ष आईच्या टोपल्यांसमोर थांबले. मी अमरावतीला कॉलेजात जाते हे त्यांना माहीत होतं. आईनं ते सगळ्या चौकाला सांगितलेलं आहे.

“काय वं पोरी, तू शिकून राहिली. याची जयंती कधी असते?”

जयंती असली तर हार लागणार आणि हार लागले तर आई राहणार, एवढं मला कळत होतं. पण खोटी तारीख तोंडातून निघेना.

“तो जन्मला नाही, काका. कागदावर काढला त्याले.”

“जन्मला नाही त पुण्यतिथी तरी असन.”

“मेलाबी नाही.”

“मंग याले हार कायले लागते? अन् हार नाही, त फुलवालीचं इथं काय काम?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझं सगळं शिक्षण त्या एका नजरेत वाया गेलं. मग ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, “साहेब, बिनाहाराचा पुतळा चौकात बरा दिसन का? उद्या कोनी म्हनलं अपमान झाला, अन् रस्ता अडवला त?”

नगराध्यक्षांनी समोरच्या चहाच्या टपरीकडे पाहिलं. विरोधी पक्ष तिथंच बसतो.

“बराबर बोलून राहिली, बाई. जयंती नाही त रोजच घालू.”

आईची जागा राहिली. आता शिपाई रोज सकाळी दोन हार नेतो. मामाचा छत्रीला अडकतो, पोराचा तोंडावर येतो. बसची वाट पाहणारी म्हातारी माणसं चपला काढून नमस्कार करतात. परीक्षेच्या दिवसांत मीही केला.

एकदा संध्याकाळी हार ओवताना आईनं विचारलं, “त्या पोट्ट्यानं केलं तरी काय होतं वं?”

“गलोलीनं टोप्या पाडे लोकाइच्या.”

“मोठ्या लोकाइच्या?”

“हो. मोठ्याइच्याच.”

आईनं थोडा विचार केला आणि हातातल्या हारातली चार फुलं काढून टाकली.

“उद्यापासून आखूड करतो याचा. तोंड त दिसलं पाह्यजे त्याचं.”