वाचल्याशिवाय हो नाही

“वाचलंस का?” असं विचारून अण्णा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे. समोरचा माणूस फोनवर ‘मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’ या चौकटीवर बोट टेकवणार, तेवढ्यात हा प्रश्न यायचा. ती चौकट तुम्ही-आम्ही डोळे झाकून दाबतो. त्यांच्या लेखी ती साक्ष होती.

नेकनूरच्या स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अण्णांचं घर आमच्या गल्लीतलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. जन्मभर एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. औषधाच्या डबीतली घडी घातलेली चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांनी कुणाला गोळी दिली नाही. तोवर पेशंट आपोआप बरा होऊन घरी जायचा, असं गावात म्हणत.

मुलगी आखातात नर्स. तिला मुलगी झाली आणि अण्णा नवा फोन घेऊन माझ्याकडे आले. नातीचं तोंड बघायचं होतं. मी व्हिडिओ कॉलचं ॲप टाकलं, चौकट आली. म्हणालो, “दाबा.”

“न वाचता वाचलं म्हणू? खोटं हाय ते.”

“अण्णा, सगळं जग दाबतंय.”

“जगाचं जग बघंल. मला रविवारी बीडला चर्चमधी तोंड दाखवायचं हाय.”

झालं. दुकानातल्या स्टुलावर रोज सकाळी वाचन सुरू झालं. आधी डोळे मिटून प्रार्थना, मग अटी. अटी मराठीत होत्या, पण ते मराठी कुणाच्या आईने शिकवलेलं नव्हतं. एकेका वाक्यापाशी अण्णा अर्धा अर्धा तास अडायचे. “‘आपले वारस व प्रतिनिधी’ म्हंजी नात बी आली का यात?” मला काय ठाऊक! उठताना वहीत पेन्सिलीने लिहायचे, ‘इथपर्यंत खरं.’

वर माझी गिऱ्हाइकंही अडवायचे. एकदा एक मेंढपाळ गाण्यांचं ॲप टाकून घ्यायला आला.

“न बघता हो कावून म्हणतूस? लगीन असं केलतंस का?”

“तसंच केलतं, अण्णा,” तो म्हणाला.

यावर अण्णांनी त्याला दोन तास अटी वाचून दाखवल्या. बाहेर त्याची मेंढरं माझ्या चार्जरची खोकी खात होती.

तीन महिन्यांनी अकरा पानं उरली, आणि फोनवर संदेश आला : ‘आमच्या अटी बदलल्या आहेत.’ अण्णांनी सावकाश चष्मा पुसला. “पयल्यापासून,” म्हणाले.

माझं डोकं फिरलं. ते समोर चहाला गेले तेवढ्यात मी चौकट दाबली आणि मुलीला कॉल लावला. अण्णा परतले तर पडद्यावर तान्हं लेकरू. त्यांनी झटकन मान फिरवली, डोक्यावरची टोपी काढली आणि फोनवर ठेवली.

“पप्पा, बघा ना!” मुलगी टोपीखालून ओरडत होती.

“काढून टाक ते,” अण्णा मला म्हणाले.

“लेकरापेक्षा अटी मोठ्या का हो तुम्हाला?”

“तिची माजी पयली भेट, ती खोट्यानं करू?”

मी ॲप काढून टाकलं आणि दोन दिवस स्टूल आत टाकून ठेवलं. लई राग आला होता. तिसऱ्या दिवशी नवं ॲप टाकलं आणि स्टूल पुसून ठेवलं.

पुढे त्यांच्या हृदयाने दगा दिला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात भेटायला गेलो तर फोन माझ्या हातात देत म्हणाले, “सोळा पानं ऱ्हायलीत. मला दिसंना. तू वाच.”

मी खणखणीत आवाजात वाचलं. वॉर्डातल्या लोकांना वाटलं, अण्णांच्या धर्माचंच काही आहे. बोलणी थांबली. ‘आपली माहिती तिसऱ्या पक्षास दिली जाऊ शकते’ इथे शेजारच्या खाटेवरल्या म्हातारीने पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. संपल्यावर तिने विचारलं, “परसाद न्हाई का?”

अण्णा खोकला येईपर्यंत हसले. मग स्वतःच्या बोटाने चौकट दाबली.

कॉल लागला तेव्हा नात झोपली होती. मुलगी तिला हलवायला लागली. “उठवू नको,” अण्णा म्हणाले, आणि फोनची बॅटरी संपेपर्यंत ते झोपलेलं लेकरू बघत राहिले. चार्जर मी, मोबाइलचा दुकानदार, घरी विसरलो होतो. ते अजून मला खातं.

त्याच आठवड्यात अण्णा गेले.

महिन्याभराने मुलगी लेकराला घेऊन दुकानात आली. अण्णांचं खातं बंद करायचं होतं. फोनवर चौकट आली : ‘खातं बंद करण्याच्या अटी मी वाचल्या आहेत.’ तिने बोट पुढे केलं.

“वाचल्यात का?” माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले, आणि तिने बोट मागे घेतलं. मी स्टूल पुढे सरकवलं. लेकराला मांडीवर घेऊन ती बसली, आणि मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.