प्लेगच्या दिवसांत मोडलेली बरगडी

सुरतेत प्लेगची बातमी फुटली तेव्हा पितृपक्ष लागला होता. गणपती पाण्यात जाऊन दोन-चार दिवससुद्धा झाले नव्हते. लिंबायतमधली आमची गल्ली बघता बघता निम्मी रिकामी झाली. कापड विणायचे लूम बंद पडले. बावीस वर्षं ज्या खडखडाटात मी जेवले, झोपले, नवऱ्याला पोचवून आले, तो खडखडाट एकाएकी थांबला आणि माझा खोकला साऱ्या गल्लीला ऐकू जायला लागला.

माझा दमा जुना. लहानपणापासून धुळ्याकडच्या आमच्या गावी चुलीचा धूर खाल्ला, लग्नानंतर काही वर्षांनी इथे येऊन बॉबिन भरायचं काम केलं. केसांत, नाकात सूत असायचं. चाळिशी ओलांडली आणि चार पायऱ्या चढले तरी धाप लागू लागली. एकदा फारच जीव घाबरा झाला, तेव्हा नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने बारीक पांढरी गोळी दिली. दोन दिवसांत छाती मोकळी झाली. मग मी तीच गोळी घेत राहिले, पाच-सहा वर्षं. डॉक्टरला दाखवायचं ध्यानातच आलं नाही. कंबर दुखायची, पाठीला बाक आला होता, साडीचा काठ जमिनीवर लोळायला लागला होता. म्हातारपण म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

पण त्या दिवसांत खोकणारा माणूस म्हणजे गल्लीला यमदूत वाटायचा. पाण्याच्या नळावर मी गेले की बायका पदर तोंडाला लावून मागे सरायच्या. शेजारच्या एकीने तर तोंडावर विचारलं, "ताई, दवाखान्यात जाऊन दाखवत का नाही तुम्ही?" मी म्हटलं, "माझा नेहमीचा खोकला आहे." तिने मान हलवली, पण घागर न भरताच निघून गेली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. कोण जाणे, हा नेहमीचा नसला तर?

घरात मुलगा भटू, सून सरला आणि चार वर्षांची नात पिंकी. पिंकी माझ्याच कुशीत झोपायची. भटूने गावी निघायचं ठरवलं होतं. ओळखीच्या एका टेम्पोत जागा मिळाली होती, दुपारी निघायचं होतं. सरला बाहेर ओट्यावर बोचकी बांधत होती, भटू आणि पिंकीही तिथेच होते. मी आत देवीचा फोटो पदराने पुसून पिशवीत घालत होते. गडावरची सप्तशृंगी आमची कुलदेवी. आम्ही तिला नुसतं 'माय' म्हणतो. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. नेहमीपेक्षा लांबली. आणि मध्येच उजव्या अंगाला, पाठीकडे, आत काहीतरी कट्कन वाजलं.

मी खालीच बसले. श्वास घेतला की सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. रेडिओवर सांगत होते, गल्लीत बोलत होते, की हा रोग छातीत बसतो, श्वास घेऊ देत नाही, दोन दिवसांत माणूस संपतो. माझ्या मनाने तिथेच निवाडा केला. आला. मला झाला. आणि रात्रभर ते लेकरू माझ्या अंगाला चिकटून होतं.

मी उठले, कशीबशी दाराशी गेले आणि आतून कडी घातली.

भटूने दार ठोठावलं. "माय, काय व्हयनं व तुले? दार उघाड!"

"माले काही व्हयनं नही," मी म्हणाले. "पोरले लिसन तू निंघी जाय. मी सकाय येसू."

पोरीला घेऊन पुढे जा, मी उद्या येते म्हणाले ते खोटं आहे, हे त्याला लगेच कळलं. तो दार हलवायला लागला. सरला रडायला लागली, पिंकी 'आजी, आजी' करायला लागली. मी आत भिंतीला टेकून बसले होते आणि पिशवीतल्या देवीमायशी भांडत होते. तीस वर्षं तुझा घट बसवला. तू नवरा नेलास, मी बोलले नाही. छाती दिलीस ती अशी, मी बोलले नाही. आता त्या पोरीकडे बघू नकोस. मला ने, आत्ताच ने. प्रार्थना म्हणावी तर तसं काही नव्हतं त्यात. नुसता राग होता आणि घाम होता. मायवर इतका अविश्वास मला उभ्या जन्मात वाटला नव्हता, आणि हे आज लिहितानाही लाज वाटते.

किती वेळ गेला कळलं नाही. टेम्पोवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. मग बाहेर एक नवीन आवाज ऐकू आला. बाईचा, जाडसर, दमलेला; आईला म्हणतात तसं 'बा' म्हणून ती गुजरातीत दार उघडायला सांगत होती.

"बा, बारणुं उघाडो."

भटू तिला सांगत होता, आत आई आहे, दार उघडत नाही, खोकते आहे. मला वाटलं, आता ही बाई पळेल. ती पळाली नाही. दाराच्या फटीजवळ तोंड आणून ती हिंदीत म्हणाली, "बा, मैं गोली बाँटने आई हूँ. बीमार हो तो मुझे देखने दो. अकेले अंदर बैठने से बच्ची को क्या फायदा?"

भिंतीला धरून मी उठले. मी कडी काढली.

चष्मा लावलेली, पन्नाशीची गुजराती बाई. तोंडावरचं फडकं घामाने चिंब, खांद्याला कॅप्सूलची पिशवी. तिने सगळ्यांना लांब उभं केलं आणि एकटी आत आली. कपाळाला हात लावला. ताप नव्हता. थुंकीत रक्त पडलं का विचारलं. नाही. "क्यां दुखे छे?" मी पाठीकडे हात नेला. तिने एकेक बोट दाबत बरगड्या तपासल्या. एका जागी बोट पडलं आणि मी किंचाळले. दोन बोटं बाजूला दाबलं, काही नाही. पुन्हा तिथेच, पुन्हा किंचाळले.

"कट् ऐसी आवाज आई थी?"

मी मान हलवली.

"बा, ये हड्डी है. खाँसी से पसली टूटी लगती है."

नुसत्या खोकल्याने हाड मोडतं? मला खरं वाटेना. तिने विचारलं, दम्यावर काय घेता. मी गोळ्यांची पट्टी दाखवली. किती वर्षं घेते हे ऐकून तिने पट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं. मग तिने समजावलं: ही गोळी श्वास देते, पण वर्षानुवर्षं घेतली तर हाडं आतून पोकळ होतात. मी ती पट्टी तिथेच फेकायला निघाले, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं. "एकदम बंद नहीं करना. जान को खतरा हो जाएगा. डॉक्टर धीरे-धीरे कम करेगा." तिने पलंगावरची उशी घेतली, माझ्या बरगडीवर दाबून धरली आणि खोकायला लावलं. दुखलं, पण सोसण्याइतकं. कफ आत साठू द्यायचा नाही, म्हणाली. कोंबलेल्या टेम्पोतून जायचं नाही. ताप आला किंवा रक्त पडलं तर तडक दवाखाना. आम्हा चौघांसाठी प्लेग टाळायच्या कॅप्सूल मोजून दिल्या आणि पुढच्या दाराकडे गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. नावही नाही.

टेम्पो आमच्याशिवाय गेला. पुढचे आठ दिवस आम्ही दर तासाला माझं कपाळ चाचपत काढले. पिंकीला मी जवळ येऊ दिलं नाही. ताप आला नाही, कोणालाच नाही. दुकानं, दवाखाने उघडले तसं भटूने मला एका छातीच्या डॉक्टरकडे नेलं. फोटोत दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या, आणि पाठीचा एक मणका कधीचाच दबलेला, माझ्या नकळत. डॉक्टर म्हणाले, जुन्या दम्याच्या माणसांत हे होतं; गोळ्या, वय, आणि धाप लागते म्हणून चालणं-फिरणं, ऊन सगळंच सुटतं. त्यांनी ओढायचा पंप दिला, गोळी महिन्या-महिन्याने कमी करत नेली, हाडांसाठी औषध दिलं, पाण्याची घागर उचलायची बंद केली.

त्या वर्षी घटस्थापनेला मला वाकता येईना. सरलाने माती भरली, गहू पेरले. मी खुर्चीवर बसून नुसतं बघत होते. पुढे मी त्या बाईची चौकशी केली. कोणी म्हणालं सुरतेतल्याच कतारगाम भागातली नर्स असेल, कोणी म्हणालं कुठल्या मंडळाची असेल. त्या दिवसांत अशा कितीतरी बाया घरोघर फिरत होत्या. माय स्वतः आली असं मी म्हणत नाही. आलेली बाई माणूस होती, तिचे पाय सुजलेले होते, आणि स्वतःच्या जिवाची पर्वा न करता ती खोकणाऱ्या बाईच्या खोलीत शिरली होती. तिला आमच्या गल्लीकडे कोणी वळवलं, एवढंच मी मनाशी जाणते.

स्वतःला कोंडून घेणं म्हणजे मायच्या स्वाधीन होणं, असं मला तेव्हा वाटलं होतं. तसं नव्हतं ते. मायने काय करायचं ते मीच ठरवून टाकलं होतं. आता कुठे दुखलं, दम लागला, मनात भीती शिरली, की मी आधी घरातल्या माणसाला सांगते आणि मग देवीपुढे बसते. ती रागवत नसावी. बहुतेक वेळा मी तिच्यापुढे जाऊन बसेपर्यंत कोणीतरी पाणी तापवलेलं असतं, पाठीमागे उशी लावलेली असते, आणि मला मागायला काही उरलेलं नसतं.