कळलं म्हणून हलवलेली मान

दोन हजार पंचवीस साल, माझं वय चौऱ्याहत्तर. फिलोमिना टीचर गेल्याचं कळलं तेव्हा मी वाडीत केळींना पाणी लावत होतो. तसाच चिखलाच्या पायांनी त्यांच्या दारात गेलो...

आम्ही वसईचे वाडीवाले, मी तिसरीपर्यंत शिकलेला. टीचर शेजारच्या आळीतल्या, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या. माझी लेक ऑस्ट्रेलियात, नात ईशा नुसती इंग्रजीत बोलणारी. एकदा फोनवर ती म्हणाली, आईकडे ‘स्पिल द बीन्स’ करू नकोस; म्हणजे गुपित फोडू नकोस, हे मला फार मागून कळलं. बियाण्याच्या पाकिटावरून बीन्स मला ठाऊक. मी ऐटीत सांगितलं, शेंगा कालच विरारला विकल्या. तिकडे सगळे हसले. महिनाभर मी फोन घेतला नाही. मग टीचरकडे गेलो, तोही मागच्या दाराने.

टीचर चिठ्ठ्यांवर इंग्रजी वाक्य आणि खाली शब्दाला शब्द मराठी लिहीत. मी माल निवडतो तशा त्या दोन टोपल्यांत टाकायच्या. खरोखर घडेल ते एकीत, नुसती बोलण्याची रीत ती दुसरीत. ‘मध्यरात्री तेल जाळणे’, म्हणजे त्यांच्या रीतीत रात्र जागून काम करणे, ते मी खऱ्यात टाकलं. बापाला कंदिलाच्या उजेडात भाजीच्या जुड्या बांधताना बघितलंय, मी हटलो नाही. त्या हसल्या, तीच चिठ्ठी पुन्हा लिहून दोन्ही टोपल्यांत टाकली. म्हणाल्या, कोण कशावरून बोलतंय ते बघा, नाहीच कळलं तर विचारा.

तेवढं मात्र मला जमेना. मी आपली मान हलवायचो.

“दादा, एवढी मान हलवता, दुखत नाही का?”

त्या स्वतः वाडीत आल्या की घड कधी कापायचा हे चार-चारदा विचारत. कालच सांगितलं, असं मी टोचलं तर म्हणत, “विसरले. परत सांगा.” एवढ्या शिकलेल्या बाईला त्याची लाज नव्हती.

शेवटी त्या अंथरुणावर होत्या. माझ्याकडे बघत हळू आवाजात इंग्रजीत एक लांब वाक्य बोलल्या. मला त्यातला एकही शब्द लागला नाही... मी मान हलवली. त्यांनी समाधानाने डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी गेल्या. पाणी मागितलं असेल, की निरोप घेतला असेल? कोणत्या टोपलीत टाकू? ते वाक्यच माझ्याजवळ नाही.

दफन करून आलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच ईशाला व्हिडिओ कॉल लावला. ती भराभर काहीतरी बोलली. मान हलायला लागली होती, ती मी धरली आणि म्हटलं, “ईशा, आय डोंट नो. टेल अगेन.”