भाकरीखालची चिठ्ठी

मी अहमदपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. या ग्रुपवर येणारे भुताखेताचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्यातली खोट शोधलीय... झोप झाली नसेल, ताप असेल, वाऱ्यानं दार वाजलं असेल. गावात कुणाच्या अंगात आलं की लोक लिंबू आणायला पळायचे आणि मी म्हणायचो, आधी थर्मामीटर आणा. आमच्या घरातही असलं काही कधी नव्हतं. विहारात वाढलेली माणसं आम्ही. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय. पण जे झालं ते भर दुपारी सव्वाबारा वाजता, नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये, शे-दीडशे माणसांसमोर झालं. तिथे ना अंधार होता, ना वारा.

त्याआधी माझ्या अक्काबद्दल सांगायला हवं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, रमा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई मजुरीला जायची, म्हणून अक्का सातवीनंतर घरी राहिली आणि मी शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. नांदेडला बी.एस्सी.ला होतो तेव्हा मेस परवडत नव्हती. अक्का पहाटे उठून भाकरी थापायची, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा फडक्यात बांधून फाट्यावर यायची आणि अहमदपूर–नांदेड एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात द्यायची. मी स्टँडवर जाऊन तो घ्यायचो. आमच्या भागातल्या कितीतरी पोरांचं शिक्षण असं एस.टी.तून आलेल्या डब्यावर झालंय. डब्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी माझं नाव कोरलेलं होतं – मिलिंद.

तेव्हा घरात फोन नव्हता. म्हणून काही सांगायचं असलं की अक्का वरच्या भाकरीखाली चिठ्ठी ठेवायची. "म्हैस व्याली. रेडी झाली. तू जेवत जा." एवढंच. तेल लागलेली, वाकड्या अक्षरातली. भाकरी उचलून आधी खाली बघायचं, ही माझी तीन वर्षांची सवय.

माझं शिक्षण होईपर्यंत तिचं लग्न लांबलं. नंतर उदगीरजवळच्या एका खेड्यात दिली. भाऊजी माणूस चांगला, पण कशातच स्वतःहून बोलणार नाही असा. सुजाता झाली, मग राहुल झाला. राहुलच्या वेळी खूप रक्त गेलं होतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्याच्या पुढचं मी कधी विचारलं नाही.

आता माझ्या भाषणाबद्दल. लातूरला बी.एड.ला असताना मी एक भाषण लिहिलं होतं, त्याला पहिलं बक्षीस मिळालं. पोटातली मुलगी आईशी बोलतेय, असं ते भाषण. "आई, ऐकतेस ना? मी तुझ्या आतून बोलतेय..." शेवटी शेवटी हॉलमधल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. तेव्हा गावोगाव लेक वाचवा मोहीम जोरात होती, आम्ही शाळेत शपथा घेत होतो. मुलगी आहे म्हणून पाडणं चूकच, हे मी आजही म्हणतो. पण माझ्या डोक्यात त्याचं काय झालं होतं, ते मला पुढे कळलं. दवाखान्यातली पाटी मी शेकडो वेळा वाचली होती – गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे. आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, त्याचा अर्थ असा धरून बसलो होतो की गर्भपातच गुन्हा आहे. सगळ्यांना, सगळ्या कारणांसाठी. कायद्याचं पान मी कधी उघडून बघितलं नव्हतं, आणि भाषणं मात्र ठोकत होतो.

चार वर्षांपूर्वी, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तेव्हा अक्का एकटीच उदगीरच्या गाडीनं आली. घरी न जाता सरळ शाळेत आली. हातात तोच डबा. मधल्या सुट्टीत आम्ही प्रयोगशाळेत बसलो. ती म्हणाली, दिवस गेलेत, दोन महिने झाले. डॉक्टर म्हणून राहिलेत की आता पुन्हा झेपायचं न्हाई. सासूबाई म्हणतात, आलेलं लेकरू नको म्हणायचं नसतं. भाऊजी म्हणतात, तुझा भाऊ शिकलेला हाय, तो म्हणंल तसं करू. नांदेड तुझ्या ओळखीचं गाव हाय, तिथं मला घेऊन चल.

मी काय केलं? भाषण केलं. त्याच भाषणातली वाक्यं मी माझ्या बहिणीला ऐकवली. तोही एक जीव आहे, त्याला तोंड नाही, त्याच्या बाजूनं कोण बोलणार वगैरे. हा गुन्हा आहे, पोलीस केस होईल, असंही सांगितलं. ती ऐकून घेत होती. लहानपणी मी पाढे म्हणून दाखवायचो तेव्हा ऐकायची, तशीच. मग म्हणाली,

"मिल्या, मी परवानगी मागाया आले न्हाई. सोबत मागाया आले."

मी गप्प बसलो. घंटा झाली. उठताना तिनं डबा माझ्याकडे सरकवला. "रागात तसाच ठेवू नको. खा."

मी तो खाल्ला नाही. राग होता, तिच्यापेक्षा जास्त माझा मलाच आला असेल, माहीत नाही. डबा प्रयोगशाळेच्या कपाटात राहिला. दोन दिवसांनी वास यायला लागला तेव्हा शाळेमागच्या नालीत पालथा केला, तोंड फिरवून. घासून घरी नेला. हे मी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही वाटलं नव्हतं.

मी "गुन्हा" म्हणालो हे कळल्यावर भाऊजी घाबरले आणि तो विषयच संपला. नंतर अक्काचे फोन यायचे, पण ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, पटलं असेल.

जानेवारीत बाळंतपणात तिला उदगीरहून लातूरला हलवलं. डॉक्टरांनी शक्य ते सगळं केलं, रक्ताच्या बाटल्यांसाठी मी स्वतः पळत होतो. मुलगी वाचली. अक्का गेली. नंतर तिथल्या एक वयस्कर सिस्टर जुने कागद चाळत मला म्हणाल्या, "सर, यांना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच आणायचं होतं. कायद्यात बसत होतं. त्यांची एकटीची सही पुरली असती." मी म्हणालो, नवऱ्याची नाही लागत? त्या म्हणाल्या, "सज्ञान बाईला? न्हाई लागत."

त्या मुलीचं नाव आम्ही प्रज्ञा ठेवलं. ती आणि सुजाता आमच्याकडे असतात, राहुल भाऊजींजवळ. प्रज्ञा आता चार वर्षांची होईल. मी घरी आलो की बुटाची लेस सोडायला तीच बसते. तिच्याकडे बघून कुणी म्हणालं की ही व्हायला नको होती, तर मी भांडेन. आणि अक्काचं ऐकायला हवं होतं, हेही तितकंच खरं आहे. ही दोन वाक्यं मला कधीच एकत्र बसवता आली नाहीत. भाषण लिहिताना मला सगळी उत्तरं येत होती.

मागच्या डिसेंबरात हेडमास्तरांनी जुन्या फायलीतून ते भाषण काढलं. नांदेडला वक्तृत्व स्पर्धा होती आणि आमच्या वैष्णवीला, म्हणजे दहावीतल्या एका हुशार मुलीला, ते द्यायचं ठरलं. मला नाही म्हणता आलं नाही. कारण काय सांगणार होतो? तिची तयारी करून घेतली. शब्दन् शब्द तिला पाठ होता.

वैष्णवीचा नंबर सातवा. मी तिसऱ्या रांगेत होतो, शेजारी नांदेडच्याच एका शाळेचे देशमुख सर. ती छान बोलत होती. "आई, मला तोंड नाही, माझ्या बाजूनं कोण बोलणार?" इथपर्यंत आली आणि थांबली. मला वाटलं, विसरली. मी ओठांनी पुढचा शब्द सांगायला लागलो. वेळेची पहिली घंटा झाली. ती माईकपासून थोडी मागे सरली, सरळ माझ्याकडे बघितलं आणि साध्या आवाजात, घरात बोलतात तसं म्हणाली,

"मिल्या, भाकरीखाली बघितलंच न्हाईस व्हय? मला वाटलं, बघून गप बसलास."

आवाज वैष्णवीचाच होता. चित्रपटातल्यासारखा बदलला वगैरे नाही. पण मला मिल्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं. गावातले मला मिलिंद म्हणतात, शाळेत मी सर आहे. मग तिनं पुन्हा माईक धरला, शेवटचा परिच्छेद नीट म्हटला, नमस्कार केला आणि खाली आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

देशमुख सर माझ्याकडे वाकून म्हणाले, "ते मधलं तुम्ही लिहून दिलं होतं का? इफेक्ट चांगला आला, पण कळलं नाही." म्हणजे ते त्यांनीही ऐकलं होतं. परीक्षकांच्या कागदावरही नंतर शेरा दिसला – "मध्ये विषय सोडला, बोलीभाषा." वैष्णवीला विचारलं तर ती रडवेली झाली. "सर, मी थांबले का? मी तर एका दमात म्हटलं." तिला पुन्हा विचारलं नाही. पोर घाबरली असती.

परतीच्या गाडीत मी स्वतःची समजूत घातली. मिल्या हे नाव तिनं सुजाताकडून ऐकलं असेल, दोघी एकाच शाळेत आहेत. पण भाकरीखाली काय? मलाच माहीत नव्हतं.

घरी आलो तेव्हा सुजाता ओट्याजवळ मेथी निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझी आई माझ्या शाळेत आली होती बघ, त्या दिवशी डब्यात काही ठेवलं होतं का तिनं? सुजाता तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं मान वर केली नाही.

"डॉक्टरचा कागद. दुधाच्या पिशवीत घालून भाकरीखाली ठेवला होता. पिशवी मीच धुऊन दिली होती. आई म्हणली, तोंडानं सांगून मामाला खरं वाटंल न वाटंल, कागद वाचला की वाटंल."

मग तिनं वर बघितलं.

"मामा... तुम्ही वाचला नव्हता?"

त्या प्रश्नात काय होतं ते मला नीट लिहिता येणार नाही. ही पोरगी तीन वर्षं माझ्या शेजारी ताट घेऊन जेवत होती. अभ्यासाला उठवलं की उठत होती, कधी उलटून बोलली नाही. आणि या सगळ्या दिवसांत तिला वाटत होतं की मामानं तो कागद वाचला आणि तरी आईला परत पाठवलं. अक्कालाही तेच वाटत होतं. तेच वाटत असताना ती गेली.

मी सुजाताला सगळं सांगितलं. नालीचंही सांगितलं. ती बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिली, मग उठून मला पाणी दिलं. एवढंच. तिनं मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही, विचारणारही नाही. तिनं शपथेवर सांगितलं की कागदाची गोष्ट ती आजवर कुणाजवळ बोलली नव्हती. आणि मला त्यासाठी शपथ लागत नाही. कारण कागद ठेवला होता हे फक्त सुजाताला माहीत होतं, आणि डबा न बघता ओतला हे फक्त मला. हे दोन तुकडे जोडू शकणारं कुणीही जिवंत नव्हतं.

माझ्या परीनं मी सगळी कारणं तपासली. टेलिपॅथी, माझ्या डोक्यातलं दडपण, वैष्णवीचा ताण... ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं. देशमुख सरांच्या कानाचं आणि परीक्षकांच्या शेऱ्याचं काय करायचं, ते मला कळत नाही.

पण खरं सांगू? त्याचा त्रास मला कमी होतो. जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. तो कागद मी वाचला असता तर अक्काला त्याच दिवशी नांदेडला नेलं असतं, याची मला खात्री आहे. म्हणजे डॉक्टरच्या सहीवर माझा विश्वास बसला असता. अक्का समोर बसून तेच तोंडानं सांगत होती, स्वतःच्या अंगाबद्दल. आणि ते मला पुरलं नव्हतं.

ते भाषण मी फायलीतून काढून घरी आणलंय. फाडलेलं नाही, पण आता कुणाला देत नाही. नववी-दहावीच्या मुलींना पुनरुत्पादनाचा धडा शिकवताना त्या पाटीचा खरा अर्थ काय, आणि सही कुणाची लागते, हे तेवढं न चुकता सांगतो. मागच्या बाकावरची मुलं हसतात. हसू देतो.

डबा मी परत वापरायला काढलाय. बायको रोज त्यातच देते. स्टाफरूममध्ये उघडल्यावर मी आधी वरची भाकरी उचलून खाली बघतो. सोबतचे शिक्षक चेष्टा करतात, सर, वहिनी चिठ्ठी पाठवतात काय. मी हो म्हणतो. खाली काही नसतं. पण बघितल्याशिवाय घास तोंडात जात नाही.