शमुवेलदादाच्या नावानं

दादा गेला तेव्हा जामखेडला वीज नव्हती आणि माझा मोबाईल बंद पडला होता. सुप्याजवळच्या त्याच्या गावाहून कुणीतरी माझ्या शेजाऱ्यांना फोन केला. शेजारीण धावत आली, बातमी सांगितली आणि पाठोपाठ विचारलं, "शॉक बसला का हो?" पुढच्या आठवडाभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की शेवटी मी चिडून सांगू लागले... माझा भाऊ शमुवेल साळवे, निवृत्त वायरमन, चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढला आणि घरी खाटेवर बसून चहा पिताना हृदय बंद पडून गेला. लोकांचा जरा हिरमोडच व्हायचा.

दफन झालं, आणि नवव्या दिवशी गावात शोकसभा झाली. आमच्या वहिनी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, म्हणून पुढच्या खुर्चीवर मी एकटी. तालुक्याची वीज सरकारकडेच राहावी की खासगी कंपनीकडे जावी, यावर गेलं वर्षभर त्या भागात तोंडाची वाफ दवडणं चाललं आहे. त्यामुळे माझ्या भावाच्या फोटोला हार घालायला दोन्हीकडचे लोक हजर! पहिले उठले ते कामगारांचे पुढारी. त्यांच्या मते साळवेमामा म्हणजे खासगीकरणाच्या छाताडावर पाय देऊन उभा राहिलेला लढवय्या. मग औद्योगिक वसाहतीतले एक कारखानदार उठले. इतका चोख माणूस सरकारी ढिलाईत कुजला, खासगी कंपनीत त्याचं सोनं झालं असतं, असं म्हणत त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. डोळे कोरडे होते, मी समोरच बसले होते. दोघांनीही दादाच्या घरात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

दादा सरकारी विजेचा भक्त वगैरे अजिबात नव्हता. नोकरी लागली तेव्हा खाकी शर्ट घालून आईसमोर उभा राहिला होता, एवढाच काय तो अभिमान. पुढे वीज मंडळाची सरकारी कंपनी झाली, पाटी बदलली, खुर्च्या आणि त्यांत पेंगणारी माणसं तीच राहिली. हातमोजे मागितले तर मागणीचा अर्ज आधी पुण्याला जायचा आणि हातमोजे येईपर्यंत मागणारा निवृत्त व्हायचा. दादा साहेबांच्या तोंडावर बोलायचा आणि दर वेळी बदली ओढवून घ्यायचा. तोही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. शेतकऱ्याची डीपी दुरुस्त केली की कांद्याची गोणी गाडीला बांधून आणायचा, आणि मी बोलले की म्हणायचा, "रूथे, मागितली न्हाई. प्रेमानं दिली." प्रेम नेहमी गोणीभरच कसं असतं, असं विचारलं की कांदे निवडायला बसायचा.

कामात मात्र त्याची एक रीत होती. खांबावर चढायचं तर उपकेंद्रात फोन करून लाईन बंद करून घ्यायची, आणि ज्याच्या सांगण्यावरून बंद झाली त्यानंच काम संपल्यावर फोन करायचा, मगच ती चालू होणार. हा नियम सगळ्यांनाच आहे, पाळतात कितीजण ते विचारू नका. दादा पाळायचा. मी शाळेत शिक्षिका होते. वर्षाअखेरी उरलेल्या माझ्या वह्या तो घेऊन जायचा आणि रकाने आखायचा. लाईन कोणी बंद केली, किती वाजता, खांबावर कोण चढलं, चालू कोणाला करायला सांगितली, किती वाजता. "बंद हाय" एवढ्यावर तो कधी वर चढला नाही. नाव सांगा, म्हणायचा. पोरं हसायची, मास्तरणीचा भाऊ हजेरी घेतो म्हणून.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्याच्या हाताखाली नवनाथ होता. ठेकेदाराकडून आलेला, तिशीतला, लग्न झालेला, दोन मुली. पगार ठेकेदार देणार, काम सरकारी साहेब सांगणार. एका सकाळी तुटलेली तार जोडायला दोघं गेले. दादानं फोन करून लाईन बंद करून घेतली, बंद करणाऱ्याचं नाव, वेळ आणि नवनाथचं नाव वहीत लिहिलं, आणि नवनाथ वर चढला. तिकडे एका कारखान्यातून साहेबांना फोनवर फोन. साहेबांनी उपकेंद्रातल्या माणसाला सांगितलं, साळवेंचं काम झालंय, चालू कर. दादाशी कुणी बोललंच नाही. दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं असतं तर त्या माणसानं उलट फोन करून विचारलं असतं, हे त्यानं स्वतःच नंतर दादाला रडत सांगितलं. पण साळवे कधी चुकत नाहीत, म्हणून त्यानं विचारलं नाही. नवनाथ खांबावरच गेला.

"माझ्या नावानं मारला त्याला," दादा मला म्हणाला. "रूथे, माझं नाव ऐकलं म्हनून त्यानं इचारलं न्हाई गं..." एवढ्या आडदांड माणसाला मी तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मग सुरू झाली खरी मालकीहक्काची चर्चा. सरकारी कार्यालय म्हणालं, मयत आमचा कर्मचारी नव्हता, ठेकेदाराचा होता. ठेकेदार म्हणाला, आम्ही फक्त माणसं पुरवतो, काम त्यांचं. शिवाय त्यानं हजेरीपत्रक काढून दाखवलं : नवनाथ त्या दिवशी गैरहजर. ज्या दिवशी माणूस कामावर मेला, त्याच दिवशी तो कामावर आला नव्हता! आणि चौकशीच्या अहवालात ओळ आली की लाईन चालू करण्याची सूचना साळवे यांनी दिली. वीज आमची म्हणून एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या सरकारी आणि खासगी शहाण्यांना नवनाथ मात्र फुकटसुद्धा नको होता.

साहेब एकदा पेढे घेऊन घरी आले. "अहवालावर सही करा, निवृत्ती सुखानं होईल," म्हणाले. दादानं पेढ्यांचा पुडा त्यांच्या गाडीच्या टपावर नेऊन ठेवला. सुखाची निवृत्ती अर्थातच झाली नाही. कागद अडकले, फेऱ्या झाल्या. त्याला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या. अहवालातली ती ओळ खोडली जावी, आणि नवनाथ कोणाचा होता ते कुणीतरी लिहून द्यावं, म्हणजे नवनाथच्या बायकोला, सुनीताला, दाद मागायला एक दार तरी मिळेल. सुनीतानं दावा लावला, दादा साक्षीदार. तारखा पडत राहिल्या. चहाच्या टपरीवर कुणी विचारायचं, मामा, सरकारी बरी का खासगी? दादा म्हणायचा, "मानूस वर आस्ताना खाली कोन थांबनार, त्याचं नाव सांगा. मग मालक कुनी का आसंना."

साक्षीची तारीख पुढच्या महिन्यात होती, तेवढ्यात तो गेला. दफन झालं त्याच संध्याकाळी मी ती वही सुनीताच्या हातात दिली. त्या सकाळच्या पानावर लाईन बंद केल्याची वेळ आहे, करणाऱ्याचं नाव आहे, वर चढलेल्या नवनाथचं नाव आहे, आणि चालू केल्याचा रकाना कोरा आहे. दादानं तो नंतरही भरला नाही. कोर्टात एवढ्यानं भागेल का, मला माहीत नाही. सुनीता म्हणाली, "बाई, मामांचं अक्षर तर हाय ना." तिनं वही पदरात गुंडाळून नेली, आणि वकिलानं ती कोर्टात द्यायच्या कागदांच्या यादीत घातली.

ही यादी दुसऱ्या बाजूला पोचली असणार. कारण गेल्या आठवड्यात मी दादाची खोली आवरायला गेले तर दाराच्या फटीत सरकारी पाकीट. पत्र दादाच्याच नावे. शोकसभेत याच कार्यालयानं हार पाठवला होता, पण तो मेला हे टपाल पाठवणाऱ्याला कळलेलं नसावं. मजकूर असा, की आपण सेवेत असताना कामाच्या नोंदी ठेवलेली वही ही कार्यालयाची मालमत्ता असून ती सात दिवसांत जमा करावी. मी पत्र तीनदा वाचलं. माणूस त्यांचा नव्हता, वही मात्र त्यांची. पुठ्ठ्यावर माझ्या शाळेचं नाव आहे, आत माझ्या हातची लाल शाईची समासाची रेघ आहे, तरी त्यांची!

दादाच्या खोलीत टेबल नाही. तो खाटेवर मांडी घालून, उशी मांडीवर घेऊन लिहायचा. मीही तशीच बसले. पहिल्या कागदावर रागाच्या भरात नको ते लिहिलं गेलं, म्हणून तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, "आपलं पत्र मिळालं. शमुवेल साळवे वारले आहेत, म्हणून उत्तर त्यांची बहीण देत आहे. वही आपली असेल, तर त्या वहीत ज्याचं नाव आहे तो नवनाथही आपलाच. तसं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. ज्या दिवशी द्याल त्या दिवशी वही मी स्वतः आणून देते."