बिनखुर्चीचा वॉर्ड

आमच्या दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात सिस्टरसाठी एक खुर्ची होती. ती डॉक्टरांनी उचलून आपल्या खोलीत नेली. "पेशंटसमोर सिस्टर बसलेली बरी दिसत नाही," म्हणाले. स्वतः मात्र ते दिवसभर बसलेलेच बरे दिसायचे.

दुसऱ्या सिस्टरची बदली झाली आणि तिच्या जागी कुणी आलंच नाही. तेव्हापासून दोघींचं काम मी एकटी ओढत होते. चार दिवसांची रजा मागितली की उत्तर ठरलेलं, "तुम्ही गेलात तर वॉर्ड कोण बघणार?" त्यात धानाच्या रोवणीचे दिवस. चिखलात राबून तापलेल्या बायकांनी सगळ्या खाटा भरलेल्या.

बुड टेकायला जागा एकच, दाराशी ठेवलेली व्हीलचेअर. त्या दुपारी एका तापाच्या बाईने माझ्या ॲप्रनवर उलटी केली. ॲप्रन धुऊन खिडकीत वाळत घातला आणि घरच्याच साडीत व्हीलचेअरवर जरा टेकले.

शेजारच्या खाटेवर कामठ्याची आजी होती. म्हणाली, "बस वो माय जराशी. पाय कसे सुजून राहिले तुये!"

तेवढ्यात गोंदियाहून मोठे साहेब तपासणीला आले. मागून आमचे डॉक्टर धावत येत होते, पण साहेबांच्या ढांगा लांब. साहेब थेट माझ्यापुढे येऊन वाकले.

"बाई, इथे सेवा कशी आहे? घाबरू नका, सांगा."

खरं तर उठून उभं राहायला हवं होतं. पण अशी संधी पुन्हा कुठली यायला! मी कपाळाला हात लावून कण्हले.

"सेवा बेस हाये साहेब. पण सिस्टर एकटीच हाये बिचारी. तिले बसाले खुर्ची नाई, रजाबी नाई भेटत. कायले जीव घेऊन राहिले तिचा?"

"कुठे आहे ती सिस्टर?"

आजीला राहवलं नाही. "हे काय, तुमच्याच समोर बसली हाये न!"

साहेब लालबुंद झाले. तोवर डॉक्टर पोहोचले आणि त्यांनी वेळ मारून नेली. "साहेब, सिस्टरची तब्येतच बरी नाही. हे बघा, बीपी घेतो."

आता आपलं नाटक उघडं पडणार, असं वाटून मी डोळे मिटले. दंडावरचा पट्टा फुगला, उतरला. डॉक्टरांनी तो पुन्हा फुगवला. मग माझ्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. त्यांची थाप खरी निघाली होती. बीपी भलताच चढला होता. मला आधी हसू आलं आणि मग चांगलीच भीती वाटली.

"यांना ॲडमिट करा. चार दिवस सक्त आराम," साहेब म्हणाले.

मागून मागून थकले होते, ते चार दिवस शेवटी असे मिळाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि सवयीने हुकूम सोडला, "सिस्टर, यांना कोपऱ्यातली खाट द्या, आत्ताच रिकामी झालीय."

दोघेही वाट बघत उभे राहिले. मी व्हीलचेअरवरून उठले, कपाटातून धुतलेली चादर काढली आणि माझ्या खाटेवर घातली.