तक्त्यात न धरलेल्या पायऱ्या

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे त्या वर्षी मला नीट सांगता आले नसते. पत्नीचे पोटाचे मोठे ऑपरेशन झाले होते. ती वाचली, पण मुलुंडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर येताना प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबायची. सहा महिने झाले तरी तेच. डॉक्टर म्हणत, जखम भरली, आता भीती जायला हवी. ती भीती माझ्याही मनात होती.

पावसाळा सरताना एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, मोटारसायकल धूळ खातेय. माळशेज घाटातून लेण्याद्रीला जाऊ या का? पहाटे निघून दिवस मावळायच्या आत परत." मध्ये मध्ये उतरून पाय मोकळे करायचे, या अटीवर डॉक्टरांनी होकार दिला आणि मी कामाला लागलो. नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला : जाऊन-येऊन सुमारे दोनशे साठ किलोमीटर, ताशी पस्तीसचा वेग, दर तीस किलोमीटरला दहा मिनिटे विश्रांती, चहा कुठे, चाकांची हवा कुठे बघायची. शेजारचा मालवणकडचा मित्र तो वाचून म्हणाला, "वहिनी, वाटेत शिंक आली तर कधी शिंकायचं, ते आधी विचारून घ्या हां." पत्नी पोट धरून हसली. तिला तशी हसताना मी फार महिन्यांनी पाहत होतो.

पहाटे साडेपाचला निघालो. मुरबाड मागे पडले आणि घाटात शिरताच दोन्ही अंगांना सोनकीने पिवळे झालेले उतार, कड्यांवरून धबधब्यांच्या उरलेल्या धारा. ती मागून माझा खांदा थोपटून एकेक दाखवत होती. आम्ही तक्त्याच्या बारा मिनिटे पुढे होतो, याचाही मला आनंद झाला होता.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी गाडी लावली आणि वर पाहिले. डोंगरावर चढत गेलेल्या पायऱ्या, तीनशेच्या घरात तरी असतील. किलोमीटर मोजण्याच्या नादात त्या मी धरल्याच नव्हत्या. डोलीवाल्यांकडे वळलो, तर तिने माझी बाही धरली.

"ऑपरेशनला नेताना मनात बोलले होते. बरी झाले तर माझ्या पायांनी गिरिजात्मजाकडे येईन."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तक्ता करून नाही म्हणाला असतात."

म्हणालो असतो, यात शंका नाही.

शेजारी दुर्वा-फुलांची टोपली घेतलेली एक म्हातारी हे ऐकत होती. "चल गं लेकी," तिने पत्नीचा हात धरला, "मीबी बसत बसतच जाते." मी मागून मोजत चढू लागलो. सत्तराव्या पायरीच्या आसपास म्हातारी वळून म्हणाली, "मालक, काय पुटपुटताय? मंत्र का मोजणी?"

"मोजणी."

"मग तुम्हीच आधी दमाल. बोलावलंय त्यानं, त्यो बघंल किती त्या."

पत्नी हसली आणि मी मोजणे सोडले. म्हातारीचे सुनेविषयी बोलणे आणि माकडांना शिव्या देणे अखंड चालू होते. मध्यावर मात्र पत्नी बसली ती उठेना. चेहरा घामाने भिजला होता. मला करण्यासारखे काही उरले नव्हते. डोळे मिटून मनात इतकेच म्हणालो, आता तूच बघ. कितीतरी वेळाने माझ्या खांद्यावर हात पडला. ती उभी होती. "चला," म्हणाली, "आजींच्या दुर्वा सुकतील."

गाभाऱ्यासमोर ती कशाचाही आधार न घेता उभी राहिली. प्रसाद द्यायला म्हातारीला शोधले, पण ती दिसली नाही. गर्दीत मिसळली असेल. मी त्याचा अर्थ लावत नाही, फक्त त्या दिवशी ती आली, याबद्दल रोज हात जोडतो.

प्रसाद बांधायला कागद नव्हता, म्हणून तक्ताच फाडून पुडी केली. परतीच्या वेळा पुडीतच गेल्या. पत्नीला वाटले तिथे आम्ही थांबलो, आणि दिवस मावळायच्या आत मुलुंडला पोहोचलो. मी गाडी स्टँडला लावतो आहे, तोच वरून तिची हाक आली, "अहो, येताय ना? चहा टाकतेय."

जिन्याच्या वळणांवर ती थांबली होती की नाही, हे मी पाहिलेही नव्हते. लेण्याद्रीच्या पायऱ्या नेमक्या किती, हे मला अजून ठाऊक नाही.